पेडल घट्ट होईपर्यंत

४ मार्च

मेव्हणेबुवा,

फोनच केला असता, पण मला फोनवर नुसती खरखर ऐकू येते हे तुला माहीत आहे. सारा जन्म छपाईच्या यंत्राशेजारी उभं राहून कान गेले. समोरच्याचे ओठ दिसले की मला सगळं कळतं. फोनला ओठ नाहीत, म्हणून हा कागद.

तुझी ताई गाडीत बसायला तयार नाही. गेल्या गुरुवारी तिला इंजेक्शनसाठी घेऊन निघालो. टेकडीवरून इस्पितळापर्यंतचा उतार तू पाहिला आहेस. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. भराभर दाबत राहिलो तेव्हा गाडी थांबली, तीही कठड्याला नाक लावून. जळका वास सुटला होता. डॉक्टरांना भेटलो, परत आलो आणि घरात पाऊल टाकल्यावर ही म्हणाली, "ह्या गाडीचे ब्रेक बदलल्याशिवाय मी हिच्यात पुन्हा पाय ठेवणार नाही."

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळलं नाही, त्यांच्या तोंडावर मास्क. बाहेर आल्यावर हिनेच सांगितलं की गुण येतोय, फक्त औषधात खंड पडू देऊ नका. आणि आता नेमका खंड पडणार.

खालचा गॅरेजवाला म्हणतो, तुमच्या गाडीच्या डिस्क बशीएवढ्या, उतारावर तापणारच. ह्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे ब्रेक हिला बसतात म्हणे, पण असल्या उचापतीला तो हात लावत नाही. तू इतकी वर्षं ब्रेकचंच काम करतोस. भाग तेवढे पाठव, बसवतो मी. छपाईचे रोलर उतरवून चढवणाऱ्याला मोटारीचं चाक काय जड आहे?

लवकर पाठव.

तुझे भाऊजी


१० मार्च

भाऊजींना नमस्कार.

पत्र मिळालं. गॅरेजवाला बरोबर बोलला. आमच्याकडे ते मोठं मॉडेल भंगारात आलंय. मागून ठोकलेलं आहे, पुढचा भाग शाबूत. त्याच्या दोन्ही डिस्क, त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर आणि ते बसवायचे ब्रॅकेट साफ करून उद्या पाठवतो. पॅड आणि तेलाच्या नळ्या नव्या घालतो. डिस्कमागचा पत्रा कडेने थोडा कापावा लागेल. तुमची रिम लहान आहे, ती कॅलिपरला घासली तर ठोकाठोक करू नका, मला कळवा.

मीच येऊन बसवून दिलं असतं, पण मालकांचं ऑपरेशन झालंय आणि गॅरेज माझ्या गळ्यात आहे.

तोवर ताईला भाड्याच्या गाडीने न्या. हे मी सहज सुचवत नाहीये. खंड पाडू नका.

बारक्या


२१ मार्च

मेव्हणेबुवा,

पेटी मिळाली. डिस्क बघून ही म्हणाली, "ह्याच्यावर पोळपाटाचं काम भागेल." म्हणजे आकाराची कल्पना आली तुला.

जुनं सगळं उतरवलं. चौथ्या बोल्टने दिवसभर दाद दिली नाही, पाचवा माझ्या अंगठ्याची साल घेऊन निघाला. पत्रा कापला. सगळं बसवून चाक चढवलं तर तू म्हणालास तेच झालं, फिरेचना. रिम मोठीच लागेल. त्याच भंगारातल्या असतील तर पाठव.

भाड्याच्या गाडीचं विचारलं. म्हणते, "परक्याच्या हाती मी जीव देणार नाही. तुमच्या हातून गेला तर चालेल, पण आधी ब्रेक नीट करा." वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

मी अंगणात काम करतो तेव्हा ती खिडकीत खुर्ची घेऊन बसते. काच बंद असते, वारा सोसत नाही तिला. काचेमागून बोलते आणि मी इकडून ओठ वाचतो. तिला ओरडावं लागत नाही, मला कान लागत नाहीत. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही इतक्या गप्पा मारल्या नसतील. काल म्हणाली, "गाडीखालून तुमचे नुसते पाय दिसतात, तेवढेच बरे दिसतात."

इंजेक्शन बंद झाल्यापासून ओकाऱ्या थांबल्यात, त्यामुळे चेहरा जरा सुधारलाय. पण ते काही खरं नाही. औषध सुरू झालं पाहिजे. घाई कर.

तुझे भाऊजी


२३ मार्च

बारक्या,

हे पत्र शेजारच्या शिंपिणीकडून टाकलंय. उत्तरही तिच्याच पत्त्यावर पाठव, ती ब्लाउजच्या घडीत घालून आणून देईल. फोन का केला नाही म्हणशील. हे घरात असताना मी कुठल्याही कोपऱ्यात बोलले तरी ह्यांना ओठ दिसतात. शिवाय तू रडशील, आणि तू रडलास की मला बोलता येत नाही, हे लहानपणापासूनचं आहे.

डॉक्टरांनी गुण येतोय असं म्हटलं नाही. ते म्हणाले, औषध आता काम करत नाही. देत राहिलो तर महिनाभर जास्त मिळेल कदाचित, पण तो इथे खाटेवर जाईल. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे डॉक्टरांच्या मास्ककडे बघत होते, फळा न दिसणारं पोर वर्गात बसतं तसे. बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाले?" मला ते सांगता आलं नाही. तोंडातून दुसरंच निघालं आणि निघालं ते निघालं.

प्रत्येक इंजेक्शननंतर चार दिवस हे माझ्या तोंडापुढे घमेलं धरून बसायचे. मला ते पुन्हा नको. पण "मला औषध नको" म्हटलं की हे विचारणार, का? आणि 'का'ला माझ्याकडे एकच उत्तर आहे. ब्रेक खरोखरच गेले, आयतं निमित्त मिळालं. मी ते धरून ठेवलंय.

हे आता रोज सकाळी चहा झाला की अंगणात जातात, चाक काढतात, मला शिव्या ऐकू येतील म्हणून हळू आवाजात देतात, ज्या सगळ्या गल्लीला ऐकू जातात. मी बघत बसते. मला दुसरं काही नको. तेव्हा जरा सावकाश घे. रिम मिळत नाहीत म्हण.

आणि हे ह्यांना कधीही कळता कामा नये, मी गेल्यावरही. बायको आपल्याला टाकून जायला राजी होती, हे ओझं ह्या माणसाला झेपणार नाही. माझ्या गळ्याची शपथ वगैरे घालत नाही, गळ्याला आधीच पुष्कळ सोसावं लागलंय. नुसतं सांगतेय.

ताई


२९ मार्च

ताई,

रिम कालच रवाना झाल्या. तुझं पत्र आज आलं.

चार दिवस थांबून लिहावं असं वाटलं होतं, पण थांबवत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. इथे एक आहेत, आमच्या मालकांच्या ओळखीचे. मी गाडी घेऊन येतो, माझ्या गाडीला ब्रेक आहेत. एका माणसाच्या म्हणण्यावर तू सगळं सोडून कशी देतेस? आणि भाऊजींना फसवतेस ते वेगळंच. त्यांना मी सांगेन. सांगणार नाही, तुला माहीत आहे. पण सांगायला हवं.

तू लिहितेस त्यात चूक कुठे आहे ते मला दाखवता येत नाही, म्हणून राग येतोय.

बारक्या


९ एप्रिल

मेव्हणेबुवा,

रिम बसल्या. चाक आता गरगर फिरतं. त्या मोठ्या डिस्क आतून चमकतात तेव्हा आमची गाडी म्हणजे म्हाताऱ्याने नवी कवळी बसवल्यासारखी दिसते. हे तिचं म्हणणं, माझं नाही.

पण गाडं अडलं. पेडल घट्टच होत नाही. दाबलं की ओल्या स्पंजावर पाय पडल्यासारखं आत जातं. तू पेटीतल्या चिठ्ठीत लिहिलंस तशी नळ्यांतली हवा काढली. शिंपीणबाई आत बसून पेडल दाबतात, मी खाली स्क्रू सैल करतो. तेल येतं, बुडबुडे येतात, मग थांबतात. स्क्रू आवळला की पुन्हा तेच. बाटल्याच्या बाटल्या तेल ओतलं. जुन्या कॅलिपरला हवेचा स्क्रू वरच्या अंगाला होता, ह्यांना खालच्या अंगाला आलाय. ते एक सोयीचं झालं, नळी सरळ बाटलीत सोडता येते. बाकी सगळं तुझ्या सांगण्याबरहुकूम.

तुझी ताई अलीकडे खुर्चीत बसल्याबसल्या झोपते. मी मान वर करतो तर डोळे मिटलेले. औषध बंद असल्याचा परिणाम. मला एका ओळीत सांग कुठे चुकतंय, म्हणजे तिला परवा खाली नेतो.

तुझे भाऊजी


१३ एप्रिल

ताई,

भाऊजींचं पत्र आलं. त्यांनी उजवा कॅलिपर डावीकडे आणि डावा उजवीकडे लावलाय. दोन्ही सारखेच दिसतात, बसतातही, पण हवेचा स्क्रू खाली येतो. हवा वर चढते. स्क्रू खाली, हवा वर, ती जन्मात निघायची नाही. अदलाबदल केली की दुपारपर्यंत पेडल दगडासारखं होईल.

त्यांनी एका ओळीत उत्तर मागितलंय. ते खरंच एका ओळीचं आहे.

लिहू का? तू सांगशील तसं करतो. पण ताई, हा माझा धंदा आहे. ब्रेकबद्दल विचारलेल्या माणसाला मी आजवर खोटं उत्तर दिलेलं नाही. आणि उद्या तुझं काही झालं तर ते म्हणतील, ब्रेक वेळेवर झाले असते तर.

बारक्या


१७ एप्रिल

बारक्या,

लिहू नकोस.

म्हणतील तसं. म्हणू देत. माणसाला लोखंडावर राग काढता येतो, ठोकता येतं, लाथ मारता येते. मेलेल्या बायकोवर काढता येत नाही.

मी आता खुर्चीपर्यंत दोन टप्प्यांत जाते. मधे दाराला धरून उभी राहते आणि ह्यांनी पाहिलं तर पडद्याची घडी नीट करत असल्याचं सोंग करते. आमच्या घरचे पडदे इतके नीट कधीच नव्हते. काल गाडीखालून बाहेर आले, तोंडाला तेल, आणि म्हणाले, "तो तुझा भाऊ गाढव आहे, उत्तर नाही त्याचं." मी म्हटलं, "माहेरचं नाव काढू नका." हसले. बराच वेळ हसले. तुला हे कळावं म्हणून लिहिते की तू कशाला हातभार लावतोयस.

तुझा धंदा मला माहीत आहे. म्हणून तर तुलाच मागते आहे, दुसऱ्या कुणाचं ह्यांनी ऐकलं नसतं.

ताई


२० एप्रिल

भाऊजींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, गॅरेजमध्ये गर्दी होती.

मला वाटतं अडचण मास्टर सिलिंडरची असावी. पेडलमागून तेल ढकलतो तो. मोठ्या कॅलिपरला तेल जास्त लागतं आणि तुमचा सिलिंडर लहान गाडीचा, म्हणून पेडल खाली जात असेल. मोठ्या मॉडेलचाच सिलिंडर शोधून पाठवतो. भंगारातला खराब निघाला, दुसरा मिळायला थोडे दिवस लागतील. तोवर नळ्यांचे जोड तपासा, हवा पुन्हा काढून बघा.

एक गोष्ट मात्र पाळा. पेडल घट्ट होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढू नका. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. हे मला परत लिहायला लावू नका.

ताईला म्हणावं, मी आठवण काढतो.

बारक्या


१४ मे

बारक्या,

तुझा सिलिंडर आला, बसवला, पेडल तसंच. मग आज शिंपीणबाईंचा जावई आला होता, तो बसचा ड्रायव्हर आहे. सहज चाकाशी वाकला आणि म्हणाला, "काका, हवेचा स्क्रू खाली कसा? हे डाव्याचे उजवीकडे झालेत." दोघांनी मिळून अदलाबदल केली. चहा निवायच्या आत पहिल्या चाकाची हवा निघाली. पेडल आता असं झालंय की पाय ठेवला की गाडी जागच्या जागी उभी. टाकीच्या वळणावरून एकटा तीनदा उतरून आलो. लोण्यात सुरी थांबावी तशी थांबते.

आत जाऊन तिला म्हटलं, "झाले ब्रेक." तिने विचारलं, "खरंच झाले?" म्हटलं, "अगदी." तर म्हणाली, "मग जाऊ या."

उद्या सकाळी निघतोय. एक मला समजत नाही. स्क्रू खाली आलाय हे मी तुला लिहिलं होतं ना? नंतर बोलू.

भाऊजी


५ जून

बारक्या,

तू आलास, सगळं होईपर्यंत राहिलास, धावपळ केलीस. पण माझ्याशी बोलताना दर वेळी तोंड फिरवून बोललास. मला तुझे ओठ दिसू दिले नाहीस. म्हणून लिहून विचारतो. कागदावर तोंड फिरवता येत नाही.

त्या दिवशी तुला सांगितलं नाही ते आता सांगतो. इस्पितळात आमचे नेहमीचे डॉक्टर नव्हते. एक तरुण पोरगा होता. त्याने हिला तपासलं, जुने कागद चाळले, मग मास्क खाली ओढून माझ्याकडे वळून बोलला. पहिल्यांदाच तिथल्या कुणाचे तरी ओठ मला नीट दिसले. "फार उशीर केलात आणायला." तिने काहीतरी मधे बोलायचा प्रयत्न केला, पण मी त्याच्याकडेच बघत होतो. त्यानंतर तिला घरी आणलीच नाही. तिथेच खाटेवर गेली, तू यायच्या आदल्या दिवशी.

उशीर कशाने झाला? मी हिशेब मांडून बसलोय. स्क्रू खालच्या अंगाला आलाय असं मी तुला स्पष्ट लिहिलं होतं. बस चालवणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या दिसलं. तू जन्मभर ब्रेकच करतोस आणि तुला वाचून कळलं नाही? तू मला सिलिंडर शोधत बसवलंस. मी अंगणात उताणा पडून बोल्ट फिरवत होतो आणि ती आत बिनऔषधाची सुकत होती.

मला एकच सांग. तुला कळलं होतं की नव्हतं? कळलं असेल तर का बोलला नाहीस तेही सांग. काहीतरी असेल तर सांग. मी ऐकून घेईन.

भाऊजी


११ जून

भाऊजी,

तुमचं पत्र खिशात घेऊन फिरतोय. मालकांनी दोनदा विचारलं, बरं नाही का.

मला कळलं नव्हतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा कामं पडली होती, मी ते उभ्याने वाचलं. स्क्रूची ओळ माझ्या नजरेतून सुटली. पेडल खाली जातंय एवढंच डोक्यात राहिलं आणि मोठा कॅलिपर, लहान सिलिंडर हे सुचलं, तेच धरून बसलो. कॅलिपर पाठवताना त्यांवर डावं-उजवं लिहायला हवं होतं, तेही लिहिलं नाही. पहिल्यांदा हात घालणाऱ्याकडून ही चूक होतेच. ती ओळखायची जबाबदारी माझी होती. तुमचा ह्यात काही दोष नाही. तुम्ही बरोबर लिहिलंत, मी नीट वाचलं नाही. एवढंच आहे, ह्यामागे दुसरं काही नाही.

ताईला बरं व्हायचं होतं. मला ती तसं म्हणाली होती. तुमच्या हातून ब्रेक झाले की मी जाणार, असं म्हणायची. तुमच्यासाठी तिला अजून पुष्कळ जगायचं होतं.

तोंड फिरवलं ते लाजेने.

बारक्या


१७ जून

तुझं पत्र मिळालं.

मला वाटत होतं की तुला कळलं असेल आणि काही कारण असेल. कसलंही चाललं असतं. तू मुद्दाम केलंस असं म्हणाला असतास तरी मी विचारलं असतं, का रे बाबा, आणि आपण बोलत राहिलो असतो. पण कारणच नाही. माझ्या हातून डावं-उजवं झालं, तुझ्या डोळ्यांतून ओळ सुटली, आणि दोघांनी मिळून तिला घालवली. दोष माझा नाही म्हणतोस. कॅलिपर मीच लावले होते.

तिला जगायचं होतं हे तू लिहायची गरज नव्हती. मी पाहिलंय. त्या सकाळी मी म्हणालो, सावकाश, वेळ आहे, तर दाराशी थांबलीसुद्धा नाही. सरळ चालत गाडीत येऊन बसली आणि समोर बघत राहिली. गाडी फाटकातून बाहेर काढली तरी एकदाही घराकडे वळून बघितलं नाही तिने. इतकी घाई होती तिला बरं व्हायची.

यापुढे मला लिहू नकोस.